शेवटी वाचली जाणारी फाईल

शिरूर,
मंगळवार, २० जानेवारी

प्रिय अफरीन,

सलाम. घरी सगळे मजेत असाल. इकडे आईचा गुडघा सोडला तर बाकी ठीक. महबूबभाईंना नमस्कार सांग. तुझ्या सासूबाईंना सांग की त्यांचं लिंबाचं लोणचं आमच्या हनुमंतदादानं एकट्यानं संपवलं आणि बरणी धुऊन ठेवली, म्हणजे पुढची भरून यावी अशी त्याची अपेक्षा दिसते.

हे पत्र मी कुठं लिहितेय ते तुला कळलंच असेल. आपल्याच एडिटरमध्ये ‘आधी हे वाच’ नावाचा नोड केलाय आणि त्याचा क्लोन तुझ्या फायलीत सगळ्यात वर टाकलाय. फोन केला की तू “हो गं, बघते” म्हणून सुटतेस. मेसेज केला की अंगठा दाखवतेस. म्हटलं, कामाला बसलीस की निदान हे तरी डोळ्यांसमोर येईल आणि बोटानं वर सरकवता येणार नाही.

तर ऐक. ‘पाणीपाळी’ हा नोड, शेतकऱ्यांच्या पाण्याची पाळी ठरवणारा, मी पुन्हा दुरुस्त केला होता आणि आज सकाळी तो पुन्हा पहिल्यासारखा झालाय. काल व्यवस्थित लिहिलं, तपासलं, सेव्ह केलं, झोपले. सकाळी उघडलं तर माझ्या ओळी गायब आणि तुझ्या जागच्या जागी. मला वाटलं मलाच वेड लागलं.

मी इतकी चिडचिड करत होते की हनुमंतदादानं ट्रॅक्टर बंद करून विचारलं, नेमकं झालंय काय. त्याला सांगितलं: बघ, आमचा सगळा प्रोग्रॅम झाडासारखा मांडलेला असतो, फांदीला फांदी, आणि एकेक फांदी म्हणजे एक नोड. एकच फांदी आम्ही दोन ठिकाणी लावू शकतो, त्याला क्लोन म्हणतात, त्याच्यावर छोटा लाल बाण दिसतो. जशी आपली विहिरीवरची मोटार. स्टार्टर विहिरीवर पण आहे आणि घरात पण, कुठलाही दाब, चालू होते ती एकच मोटार. तसं क्लोन इथं बदला, तिथंही बदलतो.

“मंग झकास हाय की,” दादा म्हणाला.

झकास नाही. कारण झाड एक असलं तरी सेव्ह होताना ते नेटवरच्या दोन फायलींत जातं. शिरूरच्या बाजूच्या गावांची फाईल माझी, भीमेपलीकडच्या गावांची तुझी. ‘पाणीपाळी’ दोन्हींत. आणि तू आणि मी ठरवलंय की आपापलीच फाईल सेव्ह करायची, दुसरीच्या घरात न विचारता हात घालायचा नाही. मोठा सभ्यपणा! मग होतं काय, की माझ्या फायलीत ‘पाणीपाळी’ नवी आणि तुझ्या फायलीत जुनी. सकाळी उघडताना एडिटर आधी माझी वाचतो, मग तुझी. शेवटी वाचली जाते तिचं खरं. म्हणजे रोज तुझं खरं.

दादा म्हणाला, “तुझी खाली ठेव मंग.” तो ट्रॅक्टरवर जाऊन बसला. मी माझी खाली, म्हणजे शेवटी ठेवली, तर मग तुझं मोडेल. तो काही उपाय नाही.

आता यानं झालं काय ते सांगते. आमचे रखमाजी आबा, वडिलांचे चुलते, तुला माहीत आहेत, निमोण्याला ज्यांच्या शेतात आपण हुरडा खाल्ला. पाणी संस्थेची त्यांची पाळी काल होती. पाळी सुरू झाली आणि लाईट गेली. आबा फावडं घेऊन बांधावर बसून राहिले. लाईट आली तोवर आपला मेसेज: ‘आपली पाळी संपली आहे.’ पाणी शेजारच्या उसाला. आबा तडक इकडे आले, पायाची माती झटकायलासुद्धा थांबले नाहीत.

“पोरी, पाळी संपली म्हंतोय तुझा मोबाईल. पाणी माझ्या सरीत आलंच न्हाई, मंग संपली कशी? लाईट गेली त्यात माझा काय गुन्हा?”

मागून आबांची बायको, वच्छलाआजी. “न्याहारी बांधावर न्हेऊन दिली म्या. सारा जीव गव्हावर लावलाय त्यांनी. आन् तुमी मेसेज धाडून मोकळ्या.”

आईसमोर, शेजाऱ्यांसमोर! आमच्याकडे लाईट गेली की पाळी तिथंच थांबते, आली की त्याच माणसाची पुढं चालू होते. लहान पोरालाही माहीत आहे. आणि तुझ्या ओळी म्हणतात, लाईट गेली, वेळ गेला, पुढच्याला द्या. ही चूक तू एवढी चिवटपणे परत परत का आणतेस ते मला कळत नाही. म्हणून आज मी ठरलेलं मोडलंय. ‘पाणीपाळी’ तुझ्या फायलीतही बदलून सेव्ह केलीय. गेल्या आठवड्यात तर जवळजवळ रोज केली होती, सांगितलं नव्हतं. घातला हात तुझ्या घरात. आता मात्र फार झालं.

(लाईट गेली होती. बघ, नाव काढायची खोटी. आत्ता आली, चहा झाला, पुढं लिहिते.)

परवा नौशादभाईंच्या टायरच्या दुकानावरून जात होते. तुझा भाऊ पंक्चर काढता काढता बरंच काही बोलत होता. ते असो.

रविवारी ये ना. दुपारी अम्मींकडे जेव आणि मग इकडे ये, आई भाकरी आणि हुलग्याचं माडगं करणार आहे, तुला आवडतं म्हणून. शेजारी शेजारी बसून हे सोडवू. तू शेजारी नसलीस की मला या कामात काही मजा येत नाही, अफरीन. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. आता खोडत नाही.

वैतागलेली,
प्रगती

*

शिरूर,
शुक्रवार, २३ जानेवारी

अफरीन,

‘प्रिय’ मुद्दाम लिहिलेलं नाही. घरी सगळे बरे आहेत, तुझ्याकडेही असतील.

आज उघडलं तर माझं पत्रच अर्धं! ‘आता मात्र फार झालं’ इथं तुटलंय. मी चहाला उठताना तेवढं सेव्ह केलं होतं, तेवढ्यात तू तुझ्याकडे उघडलं असशील, आणि नंतर काहीतरी करून तुझी फाईल सेव्ह केलीस. तुझी शेवटी वाचली जाते, म्हणून माझं पुढचं सगळं गेलं. म्हणजे पाण्याची पाळी गेली ती गेली, आता माणसाचं पत्रही तुझ्या फायलीनं गिळलं. शेवटच्या परिच्छेदात काय होतं ते मी पुन्हा लिहिणार नाही. अशा गोष्टी माझ्याच्यानं एकदाच लिहून होतात.

दुसरं. बाण कुठं गेले?

‘शेतकऱ्यांची नावं’, ‘सुट्टीचे वार’, ‘मेसेज पाठवणे’, सगळ्यांवर लाल बाण होता. आज नाही. तू क्लोन तोडलेस आणि तुझ्या तुझ्या वेगळ्या प्रती करून घेतल्यास. हे चुकून होत नाही, मुद्दाम करावं लागतं, एकेका नोडवर जाऊन. ‘मेसेज पाठवणे’ आपण कुठं बसून लिहिलं ते आठवतं का? कॉलेजच्या जिन्यात, तुझ्या मोबाईलच्या नेटवर, आणि पहिला मेसेज आपण तुझ्या अम्मींना पाठवला होता. त्यांना वाटलं बँकेतून आला. तो नोड तू तोडलास.

बरं, मला एक सांग, वेगळं निघायचं होतं तर तोंडानं सांगायला काय झालं होतं? मी काय दारात आडवी झाले असते? दौंडची गावं तुझी, तुझ्या सासरची माणसं तिकडे, तुझं नाव तिकडे. घे. पण अशी एकेक काडी काढून नेऊ नकोस.

आणि आता लिहितेच. नौशादभाईंनी सांगितलं की महबूबभाईंची सोलापूरला बदली झालीय, पुढच्या महिन्यात तुम्ही निघणार, खोली पण बघून आलात. मला वाटलं, दोन दिवसांत अफरीन सांगेल. मग वाटलं, रविवारपर्यंत सांगेल. पाना हातात धरून, ट्यूबमध्ये हवा भरता भरता एका माणसानं मला सांगावं आणि तू अंगठे पाठवत बसावंस? मी विचारणार नव्हते. अजूनही विचारत नाही. फक्त मला माहीत आहे, एवढं तुला माहीत असू दे.

कामाचं बोलते. हे असं चालणार नाही. दोन फायलींत एक नोड ठेवला की मारामारी ठरलेली. प्रत्येक क्लोनचं एकच घर हवं. एका फायलीनं ते लिहायचं, दुसरीनं नुसतं बघायचं, सेव्ह करायचं नाही. कुणाचं घर ते ठरव. तुला ठरवायला वेळ नसेल तर सगळं शिरूरला टाक आणि मोकळी हो. आबांची पाळी मंगळवारी पुन्हा आहे. गहू ओंबीवर आलाय, या वेळी पाणी चुकलं तर त्यांच्यासमोर मला उभंही राहता येणार नाही.

प्रगती

*

दौंड,
शनिवार, २४ जानेवारी

प्रगतीबाई,

मी ‘प्रिय’ लिहिणार होते. तुझं बघून राहू दिलं.

आम्ही मजेत. लोणचं अजून एक बरणी आहे, ती दादालाच द्यायची असं सासूबाई म्हणतात. तुला नाही.

पत्राचं शेवटचं मला दिसलंच नाही. मला ‘घातला हात तुझ्या घरात, आता मात्र फार झालं’ एवढंच दिसलं, आणि मी तिथंच बंद केलं. काय वाटलं असेल विचार कर. खाली नाव नाही, काही नाही.

आता तुझ्या चुकीबद्दल. हो, तुझ्याच. आमच्याकडे लाईट गेली की पाळी जाते, प्रगती. भीमेच्या या अंगाला पहिल्यापासून तसंच आहे. पाळी थांबवून ठेवली तर टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याला कधीच पाणी मिळत नाही, लाईट इतकी जाते. म्हणून ज्याची गेली त्याची गेली, पुढच्या फेऱ्यात त्याचा नंबर पहिला. मी ते नीट लिहिलं होतं. नवरा जेवायला थांबलेला असताना लिहिलं होतं. आणि रोज सकाळी बघते तर पुसलेलं! आधी वाटलं माझं काहीतरी चुकलं. मग तुझ्या पत्रात वाचलं की तू स्वतः माझ्या फायलीत येऊन पुसतेस.

बुधवारी तुझ्या त्या दुरुस्तीमुळं इथं काय झालं ते तू विचारलं नाहीस, मी सांगते. आमचे पाटकरी बिरदेवदादा, पाणी सोडणारे, मेसेज बघून ज्याची लाईट गेली होती त्यालाच पाणी देत राहिले. पुढचा माणूस आणि त्याचा भाऊ त्यांच्या अंगावर धावून गेले. सदरा फाटला त्यांचा. दारात येऊन म्हणाले, “ताई, तुमचं मशीन रोज नवा कायदा काढतंय. मी म्हातारपणी मार खाऊ व्हय?” मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

तर मला काय वाटलं तेही ऐक. वाटलं, हिला माझं लिहिलेलं नकोय, तोंडावर सांगवत नाही म्हणून रोज पुसतेय. सोलापूरचं मी तुला सांगायला तीनदा फोन उचलला. तू “बरं” म्हणाली असतीस. तुझं ते “बरं” मला सहन होत नाही, कॉलेजपासून नाही. सोलापूरहून काम जमलं असतं. पण रोज उठून आपण काल केलेलं पुसलेलं बघायचं, ते कशासाठी?

बाण मी वेगळं निघायला नाही तोडले, वेडे. मी गेल्यावर माझी जुनी फाईल तुझ्यावर चढून तुझं मोडू नये म्हणून तोडले.

आणि आता तू म्हणालीस तसं केलंय. सगळ्याचं घर शिरूरला. माझी फाईल उघडून बघ, आत फक्त हे पत्र आहे. बिरदेवदादांना मी सांगितलंय की आता शिरूरच्या ताईंना फोन करत जा. झालं समाधान?

अंगठा मी तेव्हा पाठवते जेव्हा हात पिठाचे असतात. पिठाच्या हातानं एवढंच जमतं.

अफरीन

*

शिरूर,
रविवार, २५ जानेवारी

प्रिय, प्रिय अफरीन,

दोनदा लिहिलंय, मागचं धरून.

तुझं पत्र वाचलं आणि रडले, सांगून टाकते. मग तुझी फाईल उघडली. रिकामी. एवढी गावं, एवढी माणसं, तुझी ती लांबलचक नावं ठेवायची सवय, काही म्हणजे काही नाही. मी मागितलं तेच तू दिलंस, आणि मला इतका राग आला की लॅपटॉप बंद करून गोठ्यात जाऊन उभी राहिले. राग कुणाचा ते विचारू नकोस. तुझा, माझा, नौशादभाईंचा, वीज मंडळाचा, सगळ्यांचा.

अगं, मला खरंच ठाऊक नव्हतं. नदीच्या पलीकडं लाईट गेली की पाळी जाते, हे मला कुणी सांगितलंच नाही. मला ती चूक वाटली, म्हणून मी दुरुस्त करत राहिले. तुला माझी ती चूक वाटली. रोज सकाळी आपण दोघी एकमेकींची अगदी मन लावून दुरुस्ती करत होतो! आबांना सांगितलं तर ते हातातला चहा खाली ठेवून म्हणाले, “लाईट गेली की पाळी जाती? मंग पलीकडली माणसं येडी हायती का काय?” मी म्हटलं, ते तुम्हाला तेच म्हणत असतील. आजी हसली. आबा हसले नाहीत, पण मंगळवारी त्यांना पाणी मिळणार आहे, म्हणून त्यांनी चहा पुन्हा उचलला.

मिळणार कसं, ते सांगते. ‘पाणीपाळी’चा बाण मी आज तोडला. दोन वेगळे नोड केले, ‘अलीकडची पाळी’ आणि ‘पलीकडची पाळी’. तोडताना हात थांबला होता माझा. तो आपला पहिला क्लोन होता, तू मला त्याच्यावरच शिकवलं होतंस. पण तो दिसायलाच एक होता गं. ते दोन काठांचे दोन रिवाज होते आणि आपण एकच म्हणून धरून बसलो. पलीकडचीत तुझ्या ओळी जशाच्या तशा आहेत. माझ्याकडे जुनी प्रत होती म्हणून वाचल्या. एक अक्षर बदललेलं नाही. फक्त दोन ठिकाणी काय लिहिलंय ते मला कळलं नाही, ते तू समजावून सांग.

बाकीचे बाण परत जोडलेत. पण सगळ्याचं घर शिरूरला नाही. ‘सुट्टीचे वार’ माझ्याकडे राहू दे, ते कंटाळवाणं आहे, मी करते. ‘शेतकऱ्यांची नावं’ आणि ‘मेसेज पाठवणे’ तुझ्या फायलीत परत नेऊन ठेवलेत. तिथंच त्यांचं घर. मी नुसती बघणार. काही खटकलं तर फोन करून विचारणार, आणि तू “हो गं, बघते” म्हणालीस तरी फोन ठेवणार नाही.

बिरदेवदादांचा सकाळी फोन आला होता. “तुमी शिरूरच्या ताई का?” मी म्हटलं, चुकीचा नंबर आहे, दौंडच्याच ताईंना करा. त्यांची माफी मागितली. म्हणाले, “दोघी मिळून काय ते ठरवा बया, आमाला एकच कायदा सांगा.” त्यांना नवा सदरा मी घेतलाय, निळ्या रेघांचा. तू नको म्हणू नकोस, माझ्यामुळं फाटला.

सोलापूरला जा. खुशाल जा. तिथं कॉम्प्युटर चालत नाहीत असं तुला कुणी सांगितलं? मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय, आणि मी ते “बरं” म्हणून झाकणार नाही. दौंड म्हणजे निदान मनात आलं की एसटीत बसता येत होतं. दोन वर्षांत किती वेळा बसले ते मात्र विचारू नकोस. तूच यायचीस.

तुझ्या फायलीनं गिळलेला परिच्छेद. म्हटलं होतं पुन्हा लिहिणार नाही. लिहिते. त्यात असं होतं की रविवारी ये, आई माडगं करणार आहे, शेजारी बसून सोडवू. आणि असं होतं की तू शेजारी नसलीस की मला या कामात मजा येत नाही. आज तो रविवार. आईनं सवयीनं तुझी वाटी काढून ठेवली होती. ती बघून मी ठरवलं.

तू येऊ नकोस. उद्या सव्वीस जानेवारी, निमोण्याला झेंडावंदन उरकलं की मी निघते, मिळेल त्या गाडीनं. माडगं डब्यात घेतलंय, रिकामी बरणी पिशवीत टाकलीय, सदरा पण. सासूबाईंना सांग, जेवायला आहे. तुझं सामान बांधायला मदत करीन आणि त्या दोन ओळी समजून घेईन. जमलं तर भांडेनही, समोरासमोर, मधे लाईट गेली तर जिथं थांबलं तिथूनच पुढं.

हे पत्र क्लोन नाही. ठरलेला नियम एकदा शेवटचा मोडून मी ते थेट तुझ्या फायलीत लिहिलंय. माझ्याकडे याची प्रत नाही आणि ठेवणारही नाही. पुसायचं असेल तर तुलाच पुसावं लागेल. नाही पुसलंस, तर इथंच आहे.

तुझ्या फायलीत राहायला आलेली,
प्रगती